कॅबानेलला 'कॅलेंडरछाप' म्हणणाऱ्यांसाठी

खडूमास्तर: काल सालोंवरच्या, म्हणजे पॅरिसच्या जुन्या सरकारी चित्रप्रदर्शनावरच्या, धाग्यावर एकाने ठोकून दिलं, 'सालोंचे परीक्षक आंधळे. १८६३ ला चित्रकार एदुआर मानेला हाकललं आणि कॅबानेलची कॅलेंडरछाप व्हीनस डोक्यावर घेतली.' अहो, ती व्हीनस पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात जाऊन बघितलीत का? कुंचल्याचा एक फटकारा शोधून सापडत नाही. आर्ट स्कूलला दोन वर्षं प्लास्टरची नाकं-कान काढलेत मी, मला विचारा त्वचा रंगवणं काय असतं. आणि तुमचा बंडखोर माने शेवटपर्यंत सालोंलाच चित्रं पाठवत होता. सालोंबाहेर स्वतःची प्रदर्शनं भरवणाऱ्या इम्प्रेशनिस्टांच्या एकाही प्रदर्शनात तो नव्हता.

तिरकी रेघ: बघितली. लाटेवर आडवी, कपाळावर हात आणि हाताखालून अर्धवट उघडे डोळे. वर बाळं उडताहेत म्हणून देवी! बादशहा तिसऱ्या नेपोलियनने स्वतः विकत घेतली. मानेच्या हाकललेल्या चित्रातली नग्न बाई कोटवाल्या पुरुषांशेजारी गवतावर बसली, तर मात्र संस्कृती बुडाली. याला अभिरुची नाही, पांघरूण म्हणतात.

खडूमास्तर: नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायला कोणी लावलं? त्याच बादशहाने.

आडवा खिळा: निवड सोडा, टांगणी बोला. मानेची नग्न 'ऑलिंपिया' १८६५ ला निवडली होती की! लोक खवळले तशी उचलून दारावर, पार उंच नेली. माझं जलरंग असंच एका सरकारी प्रदर्शनात जिन्याच्या वळणावर लावलेलं. आई साताऱ्याहून एसटीने आली, दोन फेऱ्या मारल्या आणि विचारते, 'तुझं कुठंय रे?'

पाणीकम: काच साधी होती का? साध्या काचेत ट्यूबलाइटच दिसते.

आडवा खिळा: ट्यूबलाइटच दिसत होती.

पाणीकम: मग दोष फ्रेमवाल्याचा.

आडवा खिळा: फ्रेम मीच केली होती.

तिरकी रेघ: विषय सालोंचा आहे, तुमच्या जिन्याचा नाही!

आडवा खिळा: तोच चाललाय, मॅडम. तिथेही जमिनीपासून छतापर्यंत चौकटीला चौकट भिडलेली. नजरेच्या उंचीवर जागा मिळाली तर गिऱ्हाईक, नाहीतर दुर्बीण आणा. ज्याला कधी वर टांगलं नाही त्याला परीक्षक न्यायी वाटणारच. होय ना मास्तर?

खडूमास्तर: मला कुठे टांगलं होतं ते तुम्हाला काय माहीत? वैयक्तिक होऊ नका.

तिरकी रेघ: टांगायच्या आधी शिकायला तरी मिळायला हवं. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत मुलींना प्रवेश १८९७ ला.

खडूमास्तर: त्याआधीपासून तिथल्याच खासगी ज्युलियन अकादमीत मुलींना शिकवत कोण होतं? सालोंचा लाडका चित्रकार बुगरो. तुमच्या यादीतला नंबर एकचा खलनायक.

तिरकी रेघ: हो, पुरुषांपेक्षा जास्त फी देऊन शिकत होत्या. बरं, बुगरोने रंगवलेले हात-पाय मान्य. हात-पायच.

खडूमास्तर: एवढं कबूल केलंत, सत्यनारायण घालतो.

पाणीकम: जलरंगाला मॅट काच लावायची हो. आता कुठंय ते चित्र?

आडवा खिळा: आईच्या खोलीत. नजरेच्या उंचीवर.