पीसी कधी निळा पडदा दाखवतो, कधी थेट बंद होतो. फॉरमॅट मारू का?

कीबोर्डकर
रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, जीटीएक्स १६६० सुपर, विंडोज १०. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ४५० वॅटचा, जुन्या पीसीतून काढलेला, ८० प्लसचा (कार्यक्षमतेचा) शिक्का नाही. रॅम आधी ८ जीबीच्या २ स्टिक होती, आता दुसऱ्या कंपनीच्या आणखी २ टाकल्या. चारही ३२०० च्या, एक्सएमपी (रॅमला तिच्या लेबलवरच्या वेगाने चालवणारं बायोसमधलं सेटिंग) चालू. तेव्हापासून साधं ब्राउझिंग करतानाही निळा पडदा येतो आणि कोड दर वेळी वेगळा: मेमरी मॅनेजमेंट, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. शिवाय गेम चालू असताना कधीकधी काहीच न दाखवता पीसी बंद होऊन परत सुरू होतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी कर्नल-पॉवर ४१. दुकानदार म्हणतो विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारा. पीसी घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे.

तारतंत्र
फॉरमॅट अजिबात नको. रॅम खराब असेल तर नवं विंडोज टाकतानाच फाइली बिघडतील आणि तुम्ही परत इथेच याल.

कर्नल-पॉवर ४१ ही नुसती नोंद आहे, 'मागच्या वेळी नीट शटडाउन झालं नाही' एवढीच. कारण तिच्या पोटात असतं. नोंद उघडून डिटेल्स टॅबमध्ये बगचेककोड (निळ्या पडद्याचा कोड) बघा. तिथला आकडा दशमान असतो आणि नेटवरचे कोड षोडशमान (हेक्स), म्हणून तसाच शोधला की भलतंच सापडतं. २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट, १० म्हणजे आयआरक्यूएल, ८० पेज फॉल्ट, २७८ ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला, २९२ व्हीया म्हणजे हार्डवेअरनेच कळवलेली चूक. ० असेल तर विंडोजला काही लिहायलाही वेळ मिळाला नाही: करंट तुटला, किंवा पीसी गोठला आणि तुम्ही बटण दाबलंत.

सिस्टिम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी इथे जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा आणि स्मॉल मेमरी डम्प (क्रॅशच्या वेळची नोंद ठेवणारी छोटी फाइल) निवडा. पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) सी ड्राइव्हवरच राहू द्या, नाहीतर डम्प बनत नाही.

कीबोर्डकर
बघितलं. ब्राउझिंगवाल्या नोंदींत २६, १० आणि ८०. गेमवाल्या सगळ्यांत ०.

तारतंत्र
म्हणजे आजार दोन आहेत. एकाच औषधाने जाणार नाहीत. आधी रॅम.

तुमच्या प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर २ स्टिकना ३२०० अधिकृतपणे देतो. चार सिंगल रँक (चिपांचा एकच गट असलेल्या) स्टिक लावल्या की ती हमी २९३३ वर येते, चार ड्युअल रँक असतील तर २६६७ वर. एक्सएमपीचा आकडा त्या-त्या किटपुरता तपासलेला असतो. दोन कंपन्यांच्या जोड्या एकत्र चालतील असं कुणीच म्हटलेलं नाही.

बायोसमध्ये एक्सएमपी बंद करा, मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा. फुकटच्या आवृत्तीत ४ पास (फेऱ्या) होतात. ३२ जीबीला बरेच तास लागतात, रात्री लावून झोपा. एकही एरर चालत नाही; 'दोनच आल्या' असं काही नसतं. एरर आल्या तर एकेक स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे ए२ मध्ये, एकटी तपासा. प्रत्येक स्टिक एकटी पास आणि चारही मिळून नापास, तर स्टिक चांगल्या आहेत, जुळणी वाईट आहे.

रॅम स्वच्छ ठरल्यावरच डिझमचा रिस्टोअरहेल्थ आणि त्यामागून एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजच्या बिघडलेल्या फाइली दुरुस्त करणाऱ्या कमांड) चालवा. आधी चालवलं तर दुरुस्तीही त्याच बिघडलेल्या रॅममधून जाते.

सोल्डरगन
गेमवाल्या बंद पडण्याबद्दल. कार्ड १२५ वॅट, प्रोसेसर जास्तीत जास्त ८८, बाकी सगळं ५० धरा. साधारण २६५ वॅट. ४५० मध्ये आरामात बसायला हवं, पण स्वस्त एसएमपीएसवरचा मोठा आकडा सगळ्या रेल (वेगवेगळ्या व्होल्टेजच्या लाइनी) मिळून असतो. लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. २२ असतील तर १२ व्होल्टवर जेमतेम २६४ वॅट मिळतात, आणि खेचणारे सगळे तिथेच बसलेत. कार्डाची ८ पिनची वायर मोलेक्स (जुन्या ४ पिनच्या प्लगच्या) कन्व्हर्टरवरून घेतली असेल तर आधी ती काढा.

फ्यूजवायर
मल्टिमीटरने १२ व्होल्टची पिवळी वायर तपासा. ११.४ ते १२.६ च्या बाहेर गेली तर एसएमपीएस बाद.

सोल्डरगन
बाहेर गेली तर बाद, हे खरं. आत राहिली म्हणजे चांगला, हे खरं नाही. मीटर सरासरी दाखवतो. कार्डाने अचानक जोर मागितल्यावर काही मिलिसेकंदांची बुडी त्यात दिसतच नाही. ओळखीच्या कुणाकडून ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस एका संध्याकाळपुरता आणून गेम चालवणं हीच खरी चाचणी. जुना उघडून बघू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर डीसी राहू शकतो.

इन्व्हर्टरही तपासा. बऱ्याच इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडचं बटण असतं आणि ते नॉर्मलवर पडलेलं असतं. चांगला एसएमपीएस वीज गेल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, कपॅसिटर सुकलेला त्याहून कमी. नॉर्मल मोडमध्ये इन्व्हर्टरला बॅटरीवर जायला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. पंख्याला कळत नाही, पीसीला कळतं. मात्र यूपीएस मोडवर व्होल्टेज १८० च्या आसपास गेलं की तो बॅटरीवर उडी मारतो. तालुक्याच्या गावी संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर बॅटरीचे हाल होतील. आधी इन्व्हर्टर वगळून थेट मेनवर गेम चालवून बघा.

कीबोर्डकर
एक्सएमपी बंद ठेवून ४ पास, एरर ०. २९३३ वर १.३५ व्होल्ट दिले तर दुसऱ्याच पासमध्ये एरर. लेबलवर १२ व्होल्टला २० अँपिअर आहे.

तारतंत्र
मग बायोसमध्ये रॅमला २६६६ लावा, फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग) १३३३ वर, एसओसी (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचं व्होल्टेज) १.१ व्होल्ट, आणि परत पूर्ण मेमटेस्ट. तेही टिकलं नाही तर नवी जोडी दुकानदाराला परत करून ३२०० वर जुन्या दोघीच ठेवा. ३२ जीबी खरंच लागत असेल तर १६ च्या २ स्टिकचं एकच किट घ्या.

सोल्डरगन
२० अँपिअर म्हणजे २४० वॅट. मेनवरची चाचणी राहू द्या, एसएमपीएस बदला. नवा घेताना १२ व्होल्टवर ४० अँपिअरच्या वरचा बघा, आणि जुन्या मॉड्युलर (वायरी सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या वायरी नव्याला लावू नका. पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो, आणि चुकीच्या वायरीने हार्ड डिस्क जळते.