रि: रि: गड्ड्यातला सिनेमा – आजी-आजोबांना कळणार कसा?

प्रेषक: खजिनदार
गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, अक्षता सोहळ्याचा दिवस बाद, त्यानंतरच्या रविवारी हॉल मिळतोय. मेक्सिकोतल्या पितरांच्या सणावरचा ॲनिमेशनपट 'कोको' ठरलाय, त्यावर पुन्हा चर्चा नको. प्रत इंग्रजी आहे, सोलापुरातल्या आजी-आजोबांचं काय करायचं एवढंच सांगा. आणि घरच्या ओटीटी खात्यावरून हॉलमध्ये दाखवता येत नाही, सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी वेगळी काढावी लागते. मागच्या वेळसारखी फजिती नको.

प्रेषक: बाळीवेसच्या काकू
सासूबाई म्हणतात, खालची अक्षरं वाचेपर्यंत माणूस बोलून निघून जातो. त्यापेक्षा सुरुवातीला कुणीतरी उभं राहून अख्खी गोष्ट मराठीत सांगा. मी सांगते हवं तर.

प्रेषक: नवी पेठ, काका
काकू, अख्खी नको! तो नावाजलेला गायक दे ला क्रूझ हा खरा लबाड आहे हे मध्यानंतर कळतं, त्यात अर्धी मजा. सांगायचं तर एवढंच सांगा: चपला-बूट करणारं घर, गाण्याला सक्त बंदी, आणि आजी चप्पल काढायला कमी करत नाही. पुढचं आपल्या आज्यांना कळेल.

गाण्यांचं म्हणाल तर 'रिमेंबर मी' नीट ऐका. आधी ते रंगमंचावर झगमगाटात येतं, पोकळ वाटतं, आणि मुद्दामच तसं केलंय. मग तेच गाणं बाप लहान मुलीला हळू म्हणतो, तेव्हा कळतं की मुळात ते अंगाईच होतं. शेवटी सिनेमातला पोरगा मिगेल तेच पणजीपुढे गातो. चाल तीच, शब्द तेच. २०१८ चं ऑस्कर उगाच नाही मिळालं. गिटारवरची बोटंही खरोखर त्याच सुरांवर पडतात, बघा. मृतांच्या नगरीत शिरल्यावर आशीर्वाद, फोटो, पूल असे नियम समजावत बसतात तिथे मात्र सिनेमा रेंगाळतो.

प्रेषक: विजापूर रोड
काका, लबाड कोण ते तुम्हीच फोडलंत की!! माझ्या पोरानं वाचलं. आता तो यायचं नाही म्हणतोय.

प्रेषक: सांस्कृतिक समिती
सिनेमा निवडणं हे समितीचं काम आहे, याची नम्र आठवण. सांगाड्यांचा सिनेमा संक्रांतीच्या आठवड्यात कशाला? गावचाच हवा तर 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' लावू. १९४६ चा, व्ही. शांताराम यांचा. कोटणीस इथलेच.

प्रेषक: बाळीवेसच्या काकू
अहो, पोरांचा कार्यक्रम आहे. कृष्णधवल लावलात तर पोरं गड्ड्यातल्या पाळण्यात पळतील. आणि सांगाडे कसले भीतीचे? पितरांना पान वाढतो तसंच की. फोटो मांडायचे, झेंडू वाहायचा, माणसं जेवायला येणार. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच आहे आणि आपण दसऱ्याला ढीगभर आणतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा पणजी खणातून फाटक्या फोटोचा तुकडा काढते तिथे सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. एक शब्द इंग्रजी येत नाही त्यांना.

प्रेषक: अशोक चौक
मग सबटायटलचा वाद कशाला चाललाय? आमच्या अम्मांना मराठीही बेतानंच येतं, त्या तेलुगूत विचारणार आणि मी कानात सांगणार. शेवटच्या रांगेत बसतो म्हणजे कुणाला त्रास नको.

प्रेषक: खजिनदार
ठरलं: सुरुवातीला काकू, पाचच मिनिटं, आणि दे ला क्रूझचं नाव काढायचं नाही. सिनेमा १०५ मिनिटांचा, हॉल अडीच तास. परवानगीचे पैसे मंडळाच्या खात्यातून.

प्रेषक: सांस्कृतिक समिती
प्रास्ताविक समिती करते, अशी प्रथा आहे.

प्रेषक: नवी पेठ, काका
करा की, काकूंच्या नंतर. कडक भाकरी आणि शेंगाचटणी कुणाकडे? मागच्या वेळी चटणी संपली होती.