मदत हवी आहे: ठिणगीवर चालणारा ट्रान्समिटर घरी करायला बंदी का? भाचीचा प्रयोग अडलाय

भाची नववीत आहे. हाइनरिख हर्ट्झने १८८७ मध्ये दोन गोळ्यांमध्ये ठिणगी पाडली आणि काही अंतरावरच्या तारेच्या कड्यात तशीच बारीक ठिणगी उमटली, हे वाचल्यापासून तिला तेच स्वतः करून बघायचंय. मोटरसायकलची जुनी इग्निशन कॉइल मिळवली, ती सतत चालू-बंद करायला रिले, अँटेना म्हणून दहा फूट तार, असा आराखडाही तिने काढला. मी मदत करणार होतो. त्याआधी जरा शोधलं तर जो तो म्हणतोय की स्पार्क गॅप ट्रान्समिटर बेकायदेशीर आहे, चालवू नका. का, ते मात्र कुणी नीट सांगत नाही.

काल आम्ही एवढंच केलं: गॅस पेटवायचा लायटर एएम रेडिओजवळ धरून खटका दाबला. रेडिओत ‘खट्’ आलं. काटा दुसरीकडे नेला, तिथेही आलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळीकडे तेच. मला वाटलं होतं एखाद्याच जागी येईल.

तर मला हे समजून घ्यायचंय. इतक्या कमी शक्तीचा सेट पाच मिनिटं चालवला तर खरंच कुणाला त्रास होतो का? गाडीच्या स्पार्कप्लगमध्येही ठिणगीच पडते, मग ती कशी चालते? आणि सगळं पत्र्याच्या डब्यात ठेवून केलं तर? तिला नुसतं ‘नाही’ म्हणायचं नाहीये, कारण सांगायचंय.

जुना हॅम:
आधी कॉइलची बॅटरी काढून ठेवा, मग पुढचं वाचा. त्या कॉइलमधून वीसेक हजार व्होल्ट निघतात. त्यात कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) जोडला तर तो बंद केल्यावरही झटका देतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.

आता कारण. ठिणगीच्या सेटमध्ये कॅपॅसिटर चार्ज होत जातो, फटीतल्या हवेला तो दाब सोसेनासा झाला (मिलिमीटरमागे साधारण ३००० व्होल्ट) की ठिणगी पडते आणि कॅपॅसिटर-कॉइलच्या सर्किटमध्ये वीज झोके घेऊ लागते. एकदा ढकलून सोडून दिलेला झोका जसा दर हेलकाव्याला लहान होत थांबतो, तशीच ही लहर विझते. लहर जितक्या लवकर विझेल तितकी ती जास्त वारंवारतांवर पसरते. १ मेगाहर्ट्झची (सेकंदाला दहा लाख हेलकाव्यांची) लहर दहाएक हेलकाव्यांत विझली तर तिचा पसारा अंदाजे १०० किलोहर्ट्झ होतो. मध्यम लहरींवर शेजारच्या दोन केंद्रांत अंतर असतं ९ किंवा १० किलोहर्ट्झ. म्हणजे एकच सेट दहा केंद्रांची जागा अडवतो. भाचीच्या आराखड्यात तर तार थेट फटीलाच जोडायची आहे. तिथे लहर दोन-चार हेलकाव्यांतच संपेल आणि पसारा याहून कितीतरी मोठा होईल. विमानांची आणीबाणीची वारंवारता १२१.५ मेगाहर्ट्झ आहे. तेवढी सोडून दे, असं ठिणगीला सांगता येत नाही.

एके काळी सगळे हेच वापरत. टायटॅनिकवरचा ५ किलोवॉटचा सेटही ठिणगीचाच होता. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाने बर्फाबद्दल कळवायला सुरुवात केली. तेव्हा टायटॅनिकचा ऑपरेटर केप रेस इथल्या किनाऱ्यावरच्या रेडिओ स्टेशनशी बोलत होता. मध्येच हा आवाज कानात इतका जोरात आदळला की त्याने कॅलिफोर्नियनला गप्प बसायला सांगितलं. हा प्रसंग मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. पुढे व्हॅक्यूम ट्यूब (विजेचा संकेत वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) आल्या, न विझणारी लहर काढता येऊ लागली, आणि १९३४ पासून जहाजांवरचा आणीबाणीचा वापर वगळता ठिणगीच्या सेटवर आंतरराष्ट्रीय बंदी आली. आज हॅमचा (हौशी रेडिओ चालवणाऱ्याचा) परवाना असला तरी तो चालवता येत नाही.

गॅरेजवाला:
स्पार्कप्लगचं मी सांगतो. प्लगमध्ये काही हजार ओहमचा रेझिस्टर असतो, बऱ्याच गाड्यांच्या प्लग वायरही रोधाच्या असतात. ते मुद्दाम घालतात, रेडिओत खरखर येऊ नये म्हणून. वर बॉनेटचा पत्रा असतो, आणि अँटेना कुणी जोडलेली नसते. साधा प्लग बसवलेली जुनी गाडी शेजारून गेली की एएम रेडिओ अजूनही तडतडतो.

विज्ञान शिकवते:
डब्याबद्दल: झाकणाच्या फटीतून आणि आत जाणाऱ्या वायरवरून लहरी बाहेर येतात, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका. डबा उलटा वापरा. छोटा रेडिओ डब्यात ठेवून झाकण लावा आणि बाहेर लायटर दाबा. मग झाकण जरासं उघडून दाबा. फरक ऐकून तिला खूप काही कळेल.

आणि पसारा डोळ्यांनी दाखवायचा असेल तर मोबाइलवर आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप घ्या. एकदा टाळी वाजवा, एकदा बासरी किंवा शिट्टी. टाळी पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरते. शिट्टीची एक बारीक रेघ उभी राहते. गणित दोन्हीकडे तेच आहे. मुलीने स्वतः आराखडा काढलाय, तिचा उत्साह मोडू देऊ नका, दादा.

धागाकर्ता:
तिघांचेही मनापासून आभार. कॉइल कपाटात ठेवली. आज दोन्ही प्रयोग केले. झाकण घट्ट असताना आमच्या रेडिओत खट् जवळजवळ येईना, बोटभर फट ठेवली की लगेच आलं. टाळी आणि शिट्टीची चित्रं तिने वहीत शेजारी शेजारी काढली, बराच वेळ बघत बसली आणि मला विचारलं, “मामा, झोक्याला दर वेळी बरोब्बर वेळेवर थोडं ढकलत राहिलं तर तो विझणारच नाही ना? ट्यूब तेच करते का?”

हॅमकाका, याचं उत्तर तुम्हीच द्या. आणि अँटेना न लावता, फक्त इअरफोनमध्ये सूर ऐकवणारं एका ट्रान्झिस्टरचं ऑसिलेटर (न विझणारी लहर काढणारं) सर्किट असेल तर सांगा. ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं हवंय. सोल्डरिंग तिला येतं.

जुना हॅम:
हो, ट्यूब तेच करते. तिला सांग, बरोबर ओळखलंस. सर्किट आज रात्री काढून इथेच टाकतो.