पदवी खरी, तरी फाइल अडली: शिक्षणाची पडताळणी आणि रेझ्युमे

नोकरी देताना उमेदवाराची पदवी तपासायच्या कामात असलेल्यांनी लिहावं: नेमकं काय जुळवून बघतात, आणि कुठे अडतं? किस्से नकोत, कामाचं लिहा.

प्रतिसाद १ (पडताळणी)
विद्यापीठाला आम्ही मोजकंच विचारतो: नाव, जन्मतारीख किंवा परीक्षा क्रमांक, पदवी, विषय, पदवी मिळाल्याचं वर्ष. उत्तर अर्जाशेजारी ठेवून ओळ न् ओळ बघायची. जास्तीत जास्त घोळ वर्षाचा. शेवटची परीक्षा मे २०१८, पदवीदान फेब्रुवारी २०१९. उमेदवार २०१८ लिहितो, नोंदीत २०१९. यात लबाडी काहीच नाही, पण शेरा पडतो 'तफावत'. म्हणून दोन्ही तारखा लिहा. आणि महाविद्यालयाचं नाव लिहून थांबू नका, पदवी ज्या विद्यापीठाची त्याचंही लिहा. नाहीतर विचारणा भलत्याच दारात जाते.

प्रतिसाद २ (एचआर)
तफावत म्हणजे लगेच नकार नव्हे. आधी खुलासा मागतात. खुलाशात रडगाणं नको, दोन ओळी आणि कागद जोडा. पण गुणांची सरासरी (सीजीपीए) ६.९६ ची ७ करून, वर पात्रतेची अट ७ ची असेल, तर खुलासा कसला देणार? एक विषय राहिला असेल तर 'अभ्यासक्रम पूर्ण, एक विषय बाकी' असं सरळ लिहा. आठवड्याभराच्या ऑनलाइन कोर्सला 'शिक्षण' या मथळ्याखाली पदवीच्या पंक्तीत बसवू नका, 'प्रशिक्षण' वेगळं करा.

प्रतिसाद ३ (विद्यापीठातला नोंदणी विभाग)
आमच्याकडून अर्ज परत जातात ते फालतू कारणांनी. संमतीपत्रावर सही नाही. स्कॅन करताना कोपरा कापला गेला आणि अनुक्रमांक नेमका तिथेच. लग्नानंतर नाव बदललं, अर्जात नवं, आमच्या नोंदीत जुनं. 'पदवीवरील नाव' वेगळं द्या आणि नाव बदलल्याचा पुरावा सोबत लावा. फीची थकबाकी असेल तर काही ठिकाणी उत्तरच अडवून ठेवतात. अर्ज करायच्या आधी मिटवा.

प्रतिसाद ४ (पुन्हा पडताळणी)
बनावट पदव्यांबद्दल: प्रमाणपत्रावर छापलेल्या नंबरवर आम्ही फोन करत नाही. तिथे कुणीतरी अदबीनं 'हो, आमचाच विद्यार्थी' म्हणायला बसलेलं असतंच. नंबर मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीतून काढतो. अमेरिकेत बरंचसं काम नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउसमधून होतं, ब्रिटनमध्ये 'हेड' या सेवेतून.
जुनं आहे, आता कोण बघतंय, असं समजू नका. एमआयटीच्या प्रवेश विभागप्रमुख मॅरिली जोन्स यांना तिथल्या २८ वर्षांच्या नोकरीनंतर, २००७ मध्ये, न मिळवलेल्या पदव्यांपायी पद सोडावं लागलं. याहूचे सीईओ स्कॉट थॉम्पसन यांनाही २०१२ मध्ये पद सोडावं लागलं. पदवी लेखाशास्त्राची होती, परिचयात संगणकशास्त्रही होतं.

प्रतिसाद ५ (एचआर)
एक राहिलंच. ऑफर लेटरमध्ये 'पडताळणीच्या अधीन' असं असेल, तर अहवाल हाती येईपर्यंत जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नका. नोटीस लांब असेल तर पडताळणी आधी उरकायला सांगा. बहुतेक जण तयार होतात.