धाब्याच्या जुन्या घराचं संग्रहालय: माती ठेवावी की स्लॅब टाकावा?

तापीकाठ:
राम राम मंडळी. तापीपट्ट्यातलं सात खणांचं (दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण) धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर, वय शंभरच्या पुढे. काळ्या दगडाचं जोतं, पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी खांब-तुळया. वारस ते गावातल्या मंडळाला द्यायला तयार आहेत. आत जाती, पाभर, तांब्या-पितळेची भांडी, लुगडी, हिशेबाच्या वह्या मांडायच्या आहेत. दोन तुळया मध्यावर वाकल्यात. भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा आहे, आणि आतून खालचे तीन फूट पोपडे सुटतात. ठेकेदार म्हणतो, माती काढून चार इंची स्लॅब टाकू, हलका पडेल. ऐकावं का?

कडीपाट:
वजनाचं तो खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो. दर वर्षी मृगाआधी धाब्यावर खारी, म्हणजे खारट माती टाकतात. जुनी खरवडायची तसदी सहसा कुणी घेत नाही. थर वाढत वाढत दोन फुटांवर जातो. शंभर चौरस फुटांवर दोन फूट म्हणजे दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), साधारण साडेनऊ टन. तुळई वाकेल नाही तर काय! चार इंची स्लॅब तेवढ्याच जागेवर सव्वादोन-अडीच टन भरतो. पण मातीचा थर सहा इंचांवर आणा, तोही तेवढाच भरतो. शिवाय वैशाखात पारा ४५ गाठतो तेव्हा उघडा स्लॅब संध्याकाळी आत आग ओकतो. वह्या-लुगड्यांना ते मानवत नाही. भर म्हणजे मागे राहिलेल्या खारीतल्या क्षारांनी स्लॅबच्या सळ्या गंजतात.

आधी तीन-चार ठिकाणी खड्डा घेऊन थर मोजा. मग होळीनंतर, कोरड्या दिवसांत काम धरा. प्रत्येक तुळईखाली आधी टेकू, खाली जाड फळी. माती तीन-चार इंचांच्या थराने, तुळईच्या दोन्ही बाजूंनी सारखी उतरवा. एकच बाजू मोकळी केली की तुळई पिळते आणि भिंतीतलं टोक उचकतं. काढलेली माती शेजारच्या खणावर टाकू देऊ नका. मजूर हमखास तेच करतात.

तुळईचं भिंतीत गेलेलं टोक पेचकसाने टोचून बघा. पाऊण इंच सहज आत गेला की लाकूड गेलं. अख्खी तुळई बदलायची गरज नसते. कुजका भाग कापून तिरका सांधा, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टी आणि आरपार बोल्ट. नाहीतर टोकाखाली तळखड्यावर (खांबाच्या बुडाचा दगड) नवा खांब द्या. वाकलेली तुळई जॅकने एकदम सरळ करायला जाऊ नका, चिरते.

तापीकाठ:
किलचणीवर (तुळयांवरचा, मातीखालचा लाकडी काटक्या-फळ्यांचा थर) प्लास्टिकचा कागद अंथरून वर माती टाकली तर गळतीची कटकट जाईल ना?

कडीपाट:
नका करू. खारी ओली झाली की तिच्यातल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन फुगतात आणि छिद्रं बुजवतात. धाबं गळत नाही ते त्यामुळे. कागद टाकला की खालून चढलेली वाफ तिथेच अडकते, आणि किलचण नजरेआड कुजते. त्यापेक्षा पन्हाळीकडे दर चार फुटांना एक इंच उतार धरा. पन्हाळ भिंतीपासून दीड-दोन फूट बाहेर हवी. दर वर्षी जेवढी खारी टाकाल तेवढी जुनी आधी काढा. शंभर चौरस फुटांवर एक इंच म्हणजे चारशे किलो, हे ध्यानात असू द्या.

गव्हांडा:
भिंतींचा दोषी बहुतेक सिमेंटच. ओल बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ती आत वर चढते आणि क्षार पोपडे पाडतात. रस्ता काँक्रीटचा होऊन जोत्याच्या वर आला आहे का, तेही बघा. तसं असेल तर आधी गटाराचा उतार घराबाहेर काढा, गिलाव्याचं नंतर.

ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढा. दिवाळी ते होळी भिंत उघडी ठेवा. क्षार कोरड्या ब्रशने झाडा. पाणी मारलं तर ते परत आत जातात. मग तीन घमेली माती, एक घमेलं गव्हांडा (गव्हाचा भुसा), आठ दिवस भिजवून तुडवलेला गारा. वर चुन्याचे तीन-चार पातळ हात. डिस्टेंपर अजिबात नको.

उधईसाठी भिंतीलगत जमिनीत फूटभर अंतराने भोकं पाडून क्लोरपायरीफॉस २० ईसी, एक लिटरला १९ लिटर पाणी, दर भोकात एक लिटर. हातमोजे-मास्क घालून, आणि वस्तू आत यायच्या आधी. अंगणात विहीर असेल तर तिच्याजवळ हे औषध नको.

नोंदवही:
भांड्यांवर एक विनंती. चिंच-मीठ लावून दर महिन्याला लखलखीत करू नका. काठावर ठोक्याठोक्याने कोरलेलं नाव, गाव, कधी सालही असतं. आंबटाने आणि घासण्याने ते आधी पुसट होतं आणि मग जातं. मऊ कापडाने धूळ पुसली तरी बास. ते नाव आधी तिरक्या उजेडात फोटो काढून नोंदवहीत उतरवा.

लुगडी आणि वह्या कसरीसाठी तपासा. कीड दिसली की पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे १८ च्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर दव धरतं. दाखवताना उजेड ५० लक्सच्या आत, आणि लुगडं चार महिन्यांनी बदलायचं.

घेताना प्रत्येक वस्तूला क्रमांक, आणि देणगी की ठेव हे लिहून सही. पुढे नातू येऊन मागतो तेव्हा हाच कागद कामाला येतो. घराचंही तसंच. तोंडी शब्दावर खर्च करू नका. सगळ्या वारसांच्या सह्यांचं नोंदणीकृत बक्षीसपत्र, किंवा निदान लांब मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा, आणि त्याआधी मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयात नोंदलेलं हवं. मिळकत पत्रिकेवर मेलेल्या आजोबांचंच नाव असेल तर वारसनोंद आजच टाका. माती उतरवायला दोन महिने लागतील, या नोंदीला त्याहून जास्त.