मदत हवी आहे : व्हीएचएस कॅसेटवर बुरशी

नमस्कार मंडळी, मी मालवणचा. काकांनी मस्कतहून आणलेल्या टॉम अँड जेरीच्या नऊ व्हीएचएस (जुन्या व्हिडिओ टेपच्या) कॅसेट माझ्याकडे आहेत. हॅना-बार्बेरा या दिग्दर्शक जोडीने १९४० ते १९५८ या काळात केलेले ११४ लघुपट माझ्या मते आजही सर्वात सरस आहेत, त्यातल्या सातांना ऑस्कर मिळालंय.

यंदा पाऊस सरल्यावर कपाट उघडलं तर दोन कॅसेटच्या काचेतून रिळाच्या कडेला पांढरी पूड दिसली, पीठ भुरभुरल्यासारखी. खारी हवा, त्यात चार महिने ओल, दुसरं काय होणार! त्या मी व्हीसीआरमध्ये घातलेल्या नाहीत, कारण बुरशी हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. बाकीच्या सात वेगळ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवल्यात.

रत्नागिरी, कणकवली किंवा कोल्हापूरकडे टेप साफ करून डिजिटल करून देणारं खात्रीचं कुणी आहे का? की घरीच कॅसेट खोलून हाताने साफ करता येईल? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. काकांच्या अक्षरातली लेबलं अजून शाबूत आहेत, ती मात्र खराब होता कामा नयेत.