मदत हवी आहे : १५०० व्होल्ट डीसी सप्लायवर स्विच बंद केल्यानंतरही व्होल्टेज दाखवणारा मीटर

सांगलीतल्या कॉलेजची फिजिक्स लॅब. १५०० व्होल्टचा डीसी सप्लाय, आउटपुटला १० मायक्रोफॅरड कपॅसिटर, ब्लीडर (कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) १० मेगओहम, निगेटिव्ह अर्थला. पॅनेलवरचा डिजिटल मीटर २३० व्होल्टवरच चालतो. मेन स्विच बंद केला की आकडा जातो, कपॅसिटर मात्र भरलेलाच राहतो. मुलांना धोका दिसत राहील असं काय लावावं? छोटा निऑन दिवा पुरेल का? मल्टिमीटर १००० व्होल्टचा, कॅट थ्री (सुरक्षिततेचा दर्जा) आहे. टेबलाला ईएलसीबी (अर्थकडे करंट गळला की सप्लाय तोडणारा ब्रेकर) आहे.

उत्तर १
मीटरआधी ब्लीडर बदला. सध्या टाइम कॉन्स्टंट (व्होल्टेज साधारण ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ) १०० सेकंद, म्हणजे ६० व्होल्टखाली, साधारण सुरक्षित पातळीवर, यायला पाच मिनिटांहून जास्त. कपॅसिटरमध्ये सव्वाअकरा ज्यूल असतात, जिवावर बेतू शकतं. १०० किलोओहम, १ वॉटचे दहा रेझिस्टर सीरीजमध्ये, अशा दोन माळा पॅरलल लावा. प्रत्येकावर १५० व्होल्ट येतात. एकच मोठा रेझिस्टर नको. वॉटेज पुरलं तरी त्याचं व्होल्टेज रेटिंग बहुधा पुरत नाही. साधारण १६ सेकंदांत ६० व्होल्ट, एक माळ तुटली तरी ३२. सप्लायवर ३ मिलिअँपिअरचा जादा भार येईल, तो झेपतो का तपासा. माळा थेट कपॅसिटरच्या टर्मिनलवर सोल्डर करा, मध्ये स्विच किंवा फ्यूज अजिबात नको.

ईएलसीबीवर विसंबू नका. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचा करंट सेकंडरीलाच परततो, त्यामुळे तिथला शॉक त्याला कळतच नाही. आणि तो मल्टिमीटर १५०० व्होल्टला लावायचाच नाही.

उत्तर २
मीटर १०० मायक्रोअँपिअरचा मूव्हिंग कॉइल (काट्याचा) घ्या. त्याला वेगळी पॉवर लागत नाही, चार्ज आहे तोवर काटा वर राहतो. पॉझिटिव्हकडून १ मेगओहम, १ टक्का, अर्धा वॉट मेटल फिल्मचे वीस रेझिस्टर, मग मीटर, मग अर्थ. फुल स्केल २००० व्होल्ट. मीटर अर्थच्या बाजूलाच हवा. वर बसवला तर पॅनेलवरच हाय व्होल्टेज येतं. कॉइल तुटली तरी तेच होतं, म्हणून मीटरच्या टर्मिनलवर दोन १एन४००७ डायोड उलटसुलट जोडा. हे सगळं पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतं.

निऑन फक्त जोडीला ठेवा. तो साधारण ६० व्होल्टच्या आसपास विझतो, शिवाय खराब झाला तरी विझलेलाच दिसतो. काट्याचंही तसंच: ६० व्होल्टला तो स्केलच्या जेमतेम ३ टक्क्यांवर असतो. म्हणून हात लावण्याआधी शॉर्टिंग स्टिक (कपॅसिटर अर्थला जोडून रिकामा करणारी इन्सुलेटेड काठी) हवीच. आधी तिची वायर अर्थला, मग १ किलोओहम, १० वॉट वायरवाउंडमधून टर्मिनलला टेकवा, शेवटी थेट शॉर्ट. काम संपेपर्यंत शॉर्ट काढू नका, कपॅसिटरच्या डायइलेक्ट्रिकमध्ये (प्लेट्समधल्या इन्सुलेटरमध्ये) अडकलेला चार्ज हळूहळू परत टर्मिनलवर येतो.

धागाकर्ता
धन्यवाद. पावसाळ्यात इथली हवा फार दमट असते. २० मेगओहमची माळ रीडिंग बिघडवेल का?

उत्तर २
बिघडवेल, बोर्ड मळका असेल तर. माळेला समांतर लीकेज झालं की मीटर जास्त दाखवतो, मधूनच अर्थकडे झालं की कमी. हे कमी दाखवणं जास्त घातक. रेझिस्टर नागमोडी बसवू नका, सरळ रांगेत बसवा, म्हणजे वरचं टोक अर्थच्या टोकापासून लांब राहतं. फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, पूर्ण सुकवून इन्सुलेटिंग व्हार्निशचे दोन हात द्या. मग सप्लाय ५०० व्होल्टला ठेवून मल्टिमीटरशी ताडून पाहा, काटा बरोबर २५ मायक्रोअँपिअरवर यायला हवा. जूनमध्ये आणि पावसाच्या ऐन भरात ही तपासणी पुन्हा करा.